जमलं तर झाकून

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोचलं. अग्निशमन दलाच्या बँडचे बेचाळीस कोट शिवायला अंगावर घेतलेस आणि वर मलाच विचारतेस, "वेळेवर जेवतेस ना?" काजवाल्या बाईंना माझा निरोप दे. म्हणावं, काजं करता करता एक डोळा मावशीवरही ठेवा.

"सहा वर्षं त्या लॅबमध्ये तू नक्की करतेस तरी काय?" हा तुझा प्रश्न वाचून हसले. आई तर सगळ्यांना सांगते की आमची मुलगी कॉम्प्युटर दुरुस्त करते. ऐक. गावोगावच्या दवाखान्यांतून रक्त, गाठींचे तुकडे असं सगळं आमच्याकडे तपासायला येतं. तपासणारे डॉक्टर वेगळे. त्यांचे रिपोर्ट ईमेलनं ज्याचे त्याला पोचवणारा जो सर्व्हर आहे, तो माझ्या ताब्यात. थोडक्यात, मी या घरची पोस्टमास्तरीण.

आणि या पोस्टमास्तरणीच्या हातून एक मोठी चूक झाली आहे. फोनवर सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहिते.

आमचा सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरचं दार वाजवतो. तो म्हणतो, "हं, बोला. मला अमुक येतं, तमुक येतं, आणि झाकून बोलताही येतं." मग दोघं झाकून बोलायला लागतात, म्हणजे मधल्या कुणाला त्यातलं अक्षर कळू नये. गोम अशी आहे की ही पहिली दोन वाक्यं उघड्यावरच होतात. मध्ये कुणी बसलं आणि "झाकून बोलता येतं" एवढेच शब्द खोडले, तर आमच्या सर्व्हरला वाटतं, बिचाऱ्याला येत नसेल. आणि तो रिपोर्ट उघडाच देऊन टाकतो. कुरकुर नाही, तक्रार नाही, काही नाही.

तो असं करतो, कारण तीन वर्षांपूर्वी मीच त्याला तसं शिकवलं. तेव्हा काही दवाखान्यांचे रिपोर्ट अडकायचे, डॉक्टर फोनवर ओरडायचे. मी सेटिंग बदललं. जमलं तर झाकून, नाही तर तसंच. सगळे खूश झाले. मलाही शाबासकी मिळाली.

परवा महिन्याचा तक्ता करत होते. पाठवलेल्या प्रत्येक मेलपुढे, झाकून गेला असेल तर, एक लहानसा शब्द उमटतो. एका गावातल्या लहान इंटरनेट कंपनीकडे जाणाऱ्या मेलपुढे तो शब्दच नव्हता. मागे मागे जात राहिले. जुलैपर्यंत नाही. सात महिने, मावशी! लोकांचे रिपोर्ट सात महिने उघड्यावरून गेले आणि मी रोज त्याच खोलीत चहा पीत बसले होते.

कंपनीला फोन केला. त्यांनी जुलैत मेल गाळायला एक नवं यंत्र बसवलंय. त्याला जे शब्द कळत नाहीत ते ते खोडतं. त्यांच्या माणसाला हे माझ्याकडूनच कळलं. मध्ये कुणी वाचलं का? सांगता येत नाही. वाचलं नसेलच, असंही सांगता येत नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्त केलंस ना? मग झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या क्षणी मला त्यांचा आधार वाटला, हे खरं सांगते. आता त्याचीच लाज वाटते.

काय करू?

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझ्या मावशीचे खूप आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली. एवढी मोठी झालीस तरी "काय करू" म्हणून मला विचारतेस, याचा आनंद मी काजवाल्या बाईंना दोनदा बोलून दाखवला. काय झालंय ते मात्र सांगितलं नाही.

तुझ्या पत्रातलं निम्मं कळलं. पण तेवढं पुरे आहे, कारण माझ्याकडेही एक वही आहे. मापाची. गेल्या चाळीस वर्षांतल्या बायकांची आणि पुरुषांची शरीरं त्या वहीत आहेत. कुणाला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याआधी मला कळतं, कारण ती येऊन म्हणते, "कमरेत जरा सैल ठेवा हं, सध्या कापड आटतं." कोण खंगतोय, कोणाचा एक खांदा उतरलाय, कोणी कोटाच्या आत जादा अस्तर लावून घेतलंय, सगळं आहे. ती वही मी कुणाला दाखवत नाही. तुझ्या आईनं एकदा नुसती चाळायला घेतली, तर मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. विचार तिला.

आता समज, मी ती वही सात महिने दुकानाच्या कट्ट्यावर उघडी विसरले. कुणी वाचली की नाही, मला ठाऊक नाही. मग मी काय करीन? वही आत ठेवून कुलूप लावीन आणि गप्प बसेन? साहेब तुझे म्हणतील, बसा. पण ज्यांची मापं आहेत त्यांना विचार ना! माझं माप आहे, मला कळायला नको?

तेव्हा सांगून टाक. साहेब ऐकत नसतील तर साहेबांच्या वरती कोण आहे ते बघ. वरती नेहमी कुणी तरी असतंच.

माझं म्हणशील तर उत्तम चाललंय. कोटांचं कापड आलं. गडद निळं, जाड, सुई मोडेल असं. हल्ली डावा हात लवकर दमतो, पण या वयात काय दमत नाही? कोटांपुढे मरायलाही फुरसत नाही. जेव वेळेवर.

तुझी मावशी


१७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

वरती खरंच कुणी तरी निघालं. आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर न काढता बोलायची त्यांची पद्धत आहे. मी सगळं सांगून टाकलं. सेटिंग मी बदललं होतं, हेही. त्यांनी डोकं वर काढलं. मला वाटलं, गेली नोकरी.

त्या म्हणाल्या, "हे तू आपणहून सांगतेस, की सापडलीस म्हणून सांगतेस?"

मी म्हटलं, "सापडले नाही. मलाच सापडलं."

"मग बस," म्हणाल्या, "आणि मला ते दार वाजवण्याचं पुन्हा एकदा सांग."

साहेब बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत होते. माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. काल आपणहून येऊन म्हणाले, "मलाही तेव्हा ते सेटिंग पटलं होतं. तसं लिही अहवालात." मग मला कळेना, या माणसावर रागवायचं कसं.

ठरलंय असं: ज्यांचे ज्यांचे रिपोर्ट उघडे गेले, त्या प्रत्येकाला कागदी पत्र जाणार. ईमेल नाही. त्याच दारानं माफी मागायला जायचं, हे कुणालाच पटेना. यादी मी करायची, मजकूरही मीच लिहायचा, आणि खाली सही माझी.

चार दिवस मजकुरावर बसले आहे. लिहिते ते सगळं बँकेच्या पत्रासारखं होतं. "आपणांस कळविण्यात येते की काही तांत्रिक कारणास्तव..." तूच सांग, वही उघडी राहिली असती तर गिऱ्हाइकाला तू काय लिहिलं असतंस?

तुझी भिंगरी


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

"कळविण्यात येते" म्हणे! कोण कळवतंय? भुतं? तुझं नाव घाल तिथे.

मी असं लिहिलं असतं:

"आमच्या हातून काय झालं ते आधी सांगते, कारणं मागाहून. तुमचा अहवाल आम्ही तुमच्याकडे पाठवला तेव्हा तो झाकून जायला हवा होता. तो उघडा गेला. तो वाटेत कुणी वाचला की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नाही, आणि कुणी वाचला नाही असं खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही. तुमचं जे होतं ते आम्ही नीट सांभाळलं नाही."

मग माफी. एकदाच, तीन-तीनदा नाही. तीनदा माफी मागणारा माणूस आपली सुटका बघत असतो. मग कारण, दोन ओळींत. मग आता काय केलंत ते. आणि शेवटी, ज्याला राग आलाय त्यानं कुणाला फोन करायचा, तो नंबर. नंबर असा दे की जिथे खरंच कुणी उचलतं.

आणि एक लक्षात ठेव. ज्याला हे पत्र जाईल त्याच्या घरात आधीच काही तरी दुखत असेल. धडधाकट माणसाचा अहवाल कोण कशाला काढतो? तेव्हा पत्र लहान असू दे.

अकरा कोट कापून झाले. ढोल वाजवणाऱ्याचं पोट एवढं आहे की त्याच्या मापासाठी दोन टेपा जोडाव्या लागल्या. तो म्हणाला, "बाई, ढोल धरून माप घेतलंत का?" अशी हसले की टाचण्या सांडल्या.

तुझी मावशी


२८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझा मजकूर जवळजवळ तसाच घेतला. मोठ्या बाईंनी एक स्वल्पविराम तेवढा बदलला.

आज यादी पुरी झाली. दोनशे बारा जण.

मावशी, तू बरी आहेस ना? खरं बरी? डावा हात दमतो असं लिहिलं होतंस. डॉक्टरकडे जातेस का अधूनमधून? आणि मी तुला "तिरपीटीप" या नावानं मेलचं खातं काढून दिलं होतं, ते उघडतेस का गं कधी? उघडत जा. कुणाचं काही महत्त्वाचं येऊन पडलेलं असतं.

आज जास्त लिहवत नाही. तू बरी राहा.

भिंगरी


६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र मी उलटसुलट करून पाहिलं, पाठीमागे काही लिहिलंय का म्हणून. एवढंसं पत्र तू मला शेवटचं कधी लिहिलं होतंस ठाऊक आहे? कॉलेजात नापास झाली होतीस तेव्हा.

तेव्हा बऱ्या बोलानं सांग. नोकरी गेली का? की कुणी मुलगा आहे? काजवाल्या बाईंचं म्हणणं, मुलगाच. त्यांचा अनुभव दांडगा, तीन मुलींची लग्नं त्यांनी डोळ्यांवरून ओळखली. मी म्हटलं, पत्रात डोळे कुठून दिसणार? तर म्हणाल्या, "अक्षर बघा ना, शेवटी कसं खाली घसरलंय." सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच. पण खरंच घसरलंय गं.

जो कोण असेल तो तुला रडवत असेल तर त्याचं माप मला पाठव. असा कोट शिवीन की हात वर होणार नाहीत.

माझं सगळं ठीक. तुझं ते तिरपीटीप मी उघडत नाही. त्यात नुसती जाहिरातींची जत्रा. डॉक्टरकडे जायला मला काय धाड भरलीय? सव्वीस कोट झाले.

तुझी मावशी


१२ मार्च

महोदया,

आमच्या हातून काय झालं ते आधी सांगते, कारणं मागाहून.

१४ जानेवारीला आमच्या लॅबमधून तुमचा तपासणी अहवाल तुम्हाला ईमेलनं पाठवला. तो झाकून जायला हवा होता. तो उघडा गेला. तो वाटेत कुणी वाचला की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नाही, आणि कुणी वाचला नाही असं खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही. तुमचं जे होतं ते आम्ही नीट सांभाळलं नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागते.

समोरच्या सर्व्हरला झाकून बोलता येत नसेल तर अहवाल तसाच पाठवावा, असं आमच्या सर्व्हरला सांगून ठेवलं होतं. ते चुकीचं होतं. आता झाकून जाणार नसेल तर अहवाल जाणारच नाही.

तुमचा अहवाल तुम्ही अजून पाहिला नसेल, तर तुमच्या डॉक्टरांकडे त्याची प्रत आहे. कृपया लवकर पाहा. काही विचारायचं असेल, रागवायचं असेल, तर खालचा नंबर माझ्या टेबलावरचा आहे. मी उचलेन.

आपली,
(सही)
सर्व्हर व्यवस्थापक


१६ मार्च

भिंगरे,

काल सकाळी टपाल आलं. लांबट पांढरा लिफाफा, लॅबचा शिक्का. आत वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीला वाटलं, वा, पोरीनं मला नमुना पाठवला! माझीच वाक्यं छापील अक्षरात बघून मी काजवाल्या बाईंना हाक मारणार होते. मग नजर वर गेली. माझं पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता, आणि १४ जानेवारी.

मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

आता ऐक. डिसेंबरात स्वतःसाठी एक जाकीट शिवत होते. अंगावर चढवून टाचण्या लावताना डाव्या काखेखाली, छातीच्या कडेला, बोटाला काही तरी लागलं. वाटाण्याएवढं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सुई घालून तुकडा काढला, म्हणाल्या, शहरात पाठवते. कोणत्या लॅबमध्ये ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाठवूच दिला नसता. १४ जानेवारीला मोबाईल टुणकन वाजला. तिरपीटीपवर मेल. मी वर तपासणी अहवाल एवढेच दोन शब्द बघितले आणि मोबाईल कापडाच्या गठ्ठ्याखाली सरकवला. त्यानंतर दवाखान्यातून तीनदा फोन आला. तिन्ही वेळा काजवाल्या बाईंना सांगायला लावलं, "बाई गावाला गेल्यात." बेचाळीस कोट होऊ देत, मग बघू, असं रोज स्वतःला सांगत होते. दोन महिने होऊन गेले.

काल तुझं पत्र तीनदा वाचलं. कुणी वाचला की नाही हे कळायला मार्ग नाही. हे वाक्य मी लिहिलं तेव्हा केवढी शहाणी वाटले होते! काल ते मला झोंबलं. म्हटलं, कुठला कोण परका, कुठे तरी खुर्चीत बसून माझा अहवाल वाचून गेला असेल, आणि मी, जिचं शरीर, तिनं तो अजून वाचलेला नाही! अशी चीड आली गं. भीती होती ती चिडीच्या मागे कुठे तरी गेली. शटर अर्धं ओढलं, सकाळचे अकरा वाजले होते, आणि उघडला.

गाठ वाईट आहे.

डॉक्टरबाईंकडे तशीच चालत गेले. त्या आधी पाच मिनिटं ओरडल्या. मग खाली बसून म्हणाल्या, "लहान आहे. वेळ गेलेली नाही. पण आता एकही दिवस घालवू नका." २४ तारखेला ऑपरेशन.

आता तू खरं लिही. २८ फेब्रुवारीला "खरं बरी ना" विचारलंस तेव्हा तुला ठाऊक होतं. किती ठाऊक होतं? वाचलास का तू तो? तुझ्या आईला सांगितलंस का? सांगितलं असशील तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

आणि सांगितलं नसशील, तर ये.

मावशी


१८ मार्च

मावशी,

वाचला नाही. आईला सांगितलं नाही. निघाले आहे. शुक्रवारी दुपारी पोचते. हे पत्र माझ्याआधी एक दिवस पोचेल, म्हणून सगळं लिहूनच टाकते. समोर आले की मला काही बोलता येणार नाही.

यादीत नुसते मेलचे पत्ते होते. एकशे एकोणचाळिसाव्या ओळीवर "तिरपीटीप" दिसलं. असल्या नावाचं दुसरं माणूस जगात असणं शक्य नाही. ते नाव मीच ठेवलेलं, मी नऊ वर्षांची असताना तुझ्या मशीनवर पहिली टीप मारली होती त्यावरून. पुढच्या रकान्यात पाठवणारा विभाग होता. गाठी तपासणारा. तेवढंच मला ठाऊक होतं, मावशी. आत काय आहे ते नाही.

पाठवलेल्या रिपोर्टांच्या प्रती आमच्याकडे नव्वद दिवस असतात. तुझी उघडायला मला दोन क्लिक पुरले असते. कुणाला कळलंही नसतं. हात माउसवर होता. मी उठले, जिन्यात जाऊन पायरीवर बसले, परत आले, पुन्हा हात माउसवर. तेव्हा कळलं, मला माझा भरवसा नाही. मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, "त्या कपाटाची माझी किल्ली काढून घ्या. यादीत माझ्या घरचं माणूस आहे." त्यांनी कोण ते विचारलं नाही. लगेच साहेबांना सांगून माझी परवानगी बंद करवली. मी म्हटलं, या यादीतल्या सगळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, रिपोर्ट पेशंटला कळलाय ना. त्यांनी विचारलं. दवाखान्यातून तुला आलेला तिसरा फोन बहुधा त्यामुळे असेल. आणि तू गावाला गेली होतीस!

त्यानंतर रोज वाटत होतं, वाचला असता तर? आत वाईट असतं तर मी त्याच दिवशी गाडीत बसले असते. तुझे पंधरा दिवस वाचले असते. तुझी माफी मागायची ती याचीही.

आईला तू सांग. पण सांग. तुला हवं तर मी फोन धरून शेजारी उभी राहते.

तुझी भिंगरी


८ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुला गाडीत बसवून देऊन चार दिवस झाले. तुझी आई अजून इथेच आहे. फोनवर मला म्हणाली होती, "तुझ्याशी जन्मात बोलणार नाही," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बॅगा घेऊन दारात उभी. तेव्हापासून तोंड मिटलेलं नाही. माझ्या कात्र्या तिनं लहान-मोठ्या अशा ओळीनं लावून ठेवल्यात. एकही सापडत नाही. टाके परवा काढले. डॉक्टरांनी चांगले घातले होते, मी बारकाईनं बघितले. एकच जरा तिरपा होता.

काजवाल्या बाई आणि त्यांच्या दोन मुलींनी उरलेले सोळा कोट शिवून दिले. बँडवाले आले होते, ते घालून. दवाखान्याच्या अंगणात त्यांना वाजवू दिलं नाही, म्हणून नुसते रांगेत उभे राहिले आणि मला खिडकीतून कोट दाखवले. ढोलवाल्याची बटणं लागली होती.

तू इथे होतीस तेव्हा एक गोष्ट ओठांवर आली होती, पण तुझी आई सारखी चहा घेऊन यायची. म्हणून लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शाळामास्तरीण कपडे शिवून घ्यायची. हसरी बाई. एका वर्षात तिचं माप तीनदा उतरलं. दर वेळी ती म्हणायची, "बारीक झाले ना?" आणि मी म्हणायची, "छान दिसतं." मला दिसत होतं गं. वहीत तीन आकडे एकाखाली एक होते. पण वहीतलं बोलायचं नाही, हा माझा नेम. ती गेली. बोलले असते तर वाचली असती का, कोण जाणे. पण मी नेमाच्या आड उभी राहिले, हे मला ठाऊक आहे.

म्हणून तुझ्या "वाचला असता तर" ला माझं उत्तर असं. वाचला नाहीस ते बरोबरच केलंस. तो माझा होता, आणि तू चोरून वाचून धावत आली असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते आणि गाठ तशीच राहिली असती. मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. पण तू नेमाच्या आड उभीही राहिली नाहीस. तीन बाजूंनी माझं दार वाजवत राहिलीस. मला तेव्हा असलं काही सुचलं नव्हतं. तुझं वय तेव्हाच्या माझ्याहून कमी आहे, याचा मला जरा रागच येतो.

पंधरा दिवसांचा हिशेब मांडू नकोस. मी दोन महिने घालवले, ते माझे.

जेव.
तुझी मावशी


१३ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि साहेबांनी उठून खिडकी उघडून दिली. बिचारे.

इकडची हकिगत. नवा नियम आता दवाखान्यांनाही लावला, त्याचा पहिला आठवडा होता. आता झाकून जात नसेल तर रिपोर्ट जातच नाही, अडून बसतो आणि मला कळवतो. पहिल्याच दिवशी एकोणीस अडकले. एक डॉक्टर फोनवर असे कडाडले की शेजारच्या टेबलाला ऐकू आलं: "पेशंट माझ्यासमोर बसलाय आणि तुमचं मशीन नखरे करतंय!" तीन वर्षांपूर्वी याच आवाजाला मी घाबरले होते. या वेळी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या सर्व्हरचं झाकून बोलायचं प्रमाणपत्र मार्चमध्येच संपलंय. आत्ताच्या आत्ता रिपोर्ट माणसाहाती पाठवते, आणि तुमचं दार संध्याकाळपर्यंत नीट करून देते." ते म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आमचंच उघडं होतं?"

संध्याकाळपर्यंत एकोणीसपैकी सतरा दारं नीट झाली. उरलेल्या दोघांकडे आमचा माणूस रोज लिफाफा घेऊन जातो. त्या यंत्रवाल्या कंपनीनंही ते खोडणं बंद केलं.

दोनशे बारा पत्रांपैकी एकसष्ट जणांचे फोन आले. नऊ जण खूप रागावले. मी ऐकून घेतलं. एक आजोबा म्हणाले, "माझी साखर कुणी वाचली असेल तर त्याला सांगा, मी लाडू सोडलेत." आणि एका बाईंनी नुसतं विचारलं, "हे पत्र कुणी लिहिलं? फार बरं लिहिलंय." मी म्हटलं, माझ्या मावशीनं.

तुझा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आमच्याकडे आलाय असं समजलं. मला दिसत नाही, आणि मी विचारलेलं नाही. आला की तू उघड. आईला शेजारी बसवून उघड, किंवा तिला भाजी आणायला पाठवून उघड, पण उघड.

तुझी भिंगरी


१७ एप्रिल

चि. भिंगरीस,

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मेल आला. दहा वाजून अकरा मिनिटांनी मी उघडला. मधलं एक मिनिट चष्मा शोधण्यात गेलं, तो तुझ्या आईनं कात्र्यांच्या ओळीत ठेवला होता.

निम्मे शब्द कळले नाहीत. पण एक वाक्य असं होतं की ते लॅबनं नव्हे, एखाद्या चांगल्या शिंपिणीनं लिहिलंय असं वाटावं: काढलेल्या भागाच्या सर्व कडा स्वच्छ आहेत. डॉक्टरबाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, म्हणजे होतं तेवढं सगळं निघालं, मागे काही राहिलं नाही. काखेतल्या ग्रंथीही तपासल्या, त्याही चांगल्या. आता काही महिने औषधं, दर तीन महिन्यांनी तपासणी. हजर राहीन. गावाला जाणार नाही.

काजवाल्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती रडायला लागली, म्हणून समोरच्या किराणावाल्या बाई धावत आल्या, मग त्यांनाही वाचून दाखवावा लागला. एव्हाना गल्लीला पाठ झाला असेल.

तो झाकून आला की उघड्यावरून, ते तू तुझ्या तक्त्यात बघून घे. मध्ये कुणी वाचला असलाच, तर या वेळी वाचू दे बापड्याला. त्यालाही बरं वाटेल.

तुझी मावशी